विचारा की ओ! : बेशिक्ताश, चार्शी आणि मैदानात पडलेली खेळणी

मागच्या अंकात बोलता बोलता मी एक ओळ लिहून गेलो, की फुटबॉलमधले मला सगळ्यात आवडणारे प्रेक्षक म्हणजे इस्तंबूलच्या बेशिक्ताश क्लबचे. बास, तेवढ्यावर मेसेजचा हा ढीग. काहींनी प्रेमानं विचारलंय, काहींनी झापलंय, एकानं तर बेशिक्ताश हे बेसनाच्या पदार्थाचं नाव वाटलं म्हणून कळवलंय. म्हणून या वेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवतो, सगळा अंक याच्यावरच.

प्रश्न : दादा, भाच्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. मॅच चालूय आणि चारी बाजूनं मैदानात टेडी, बाहुल्या पडायलेत, पाऊसच. आपल्याकडं मैदानात बाटल्या पडतात ते माहिताय, खेळणी कशाला ओ? आणि हा व्हिडिओ खरा की कंप्युटरवर केलेला?
— एक यंत्रमागवाले काका, साखर पेठ

उत्तर : काका, शंभर टक्के खरा. २६ फेब्रुवारी २०२३, बेशिक्ताश विरुद्ध अंताल्यास्पोर, बेशिक्ताशचं घरचं मैदान. त्याच्या वीस दिवस आधी, ६ फेब्रुवारीला पहाटे, तुर्कस्तानच्या दक्षिणेला ७.८ चा भूकंप झाला होता, एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांच्या वर माणसं गेली, सीरियातली वेगळी. तो भूकंप झाला पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी. म्हणून मॅच सुरू झाल्यावर बरोबर ४ मिनिटं १७ सेकंद झाली तेव्हा खेळ थांबवला आणि लोकांनी बरोबर आणलेली खेळणी, मफलर, लोकरी टोप्या खाली फेकल्या, भूकंपातल्या पोरांना पाठवायला. खेळाडूच उचलायला लागले. मॅच शून्य-शून्य सुटली, ते कुणाच्या लक्षातही नाही.

आता काका, तुम्हाला हे वेगळं सांगायची गरज नाही पण नव्या पोरांसाठी लिहितो. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी. आपल्या सोलापुरात भांडी वाजली, आम्ही सगळे अंगणात, मी तेव्हा दहा वर्षांचा, आजीनं मला चादरीत गुंडाळून तुळशीपाशी बसवलेलं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीगल्लीतून भाकरी, चादरी, कपडे गोळा करून ट्रक जायला लागले. आईनं माझी एक लाकडी गाडीसुद्धा त्या गठ्ठ्यात टाकली होती आणि मी दोन दिवस रुसून बसलो होतो. त्यामुळं तो टेडीचा व्हिडिओ मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला फुटबॉल दिसलाच नाही, ती गाडी दिसली.

एक गोष्ट मात्र त्या व्हिडिओत कापलेली असते. त्याच दिवशी त्याच प्रेक्षकांनी सरकारनं राजीनामा द्यावा म्हणून घोषणाही दिल्या, इमारती पत्त्यासारख्या पडल्या आणि मदत उशिरा पोचली याचा राग होता. आदल्या दिवशी फेनेरबाहचे या इस्तंबूलच्याच दुसऱ्या क्लबच्या मैदानात तसंच झालेलं. तिथल्या सरकारातला मित्रपक्ष, त्याचे पुढारी देवलेत बाहचेली, हे बेशिक्ताशचे मेंबर, त्यांनी चिडून क्लबचं सदस्यत्वच सोडलं. म्हणजे खेळणी आणि घोषणा एकाच हातातून निघालेल्या आहेत. रील बनवणाऱ्यांना फक्त टेडी गोड वाटतो.

प्रश्न : माझा मुलगा बारावीला आहे आणि जगातल्या कुठल्याही फुटबॉलपटूच्या फोटोखाली जाऊन "कम टू बेशिक्ताश" असं लिहून येतो. काल त्याच्या मामाच्या लग्नाच्या फोटोखाली पण लिहिलं. हे काय आहे? डॉक्टरला दाखवू का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, नका दाखवू, साथ आहे, ओसरेल. बेशिक्ताशचे लोक इंटरनेटवर कुठलाही मोठा खेळाडू दिसला की "ये की आमच्यात" म्हणून बोलावतात, क्लबनंही ती ओळ उचलली, २०१७ मध्ये रेयाल माद्रिदचा पेपे आला त्या सुमाराला तर जगभर झाली. आपल्याकडं कुणी दारावरून गेलं की "या की चहाला" म्हणतो ना, तसलंच. मामाला राग आला असेल तर मामाला म्हणा, तुम्हाला चांगल्या टीमची ऑफर आली.

प्रश्न : सर, क्लब किती जुना, काळा-पांढराच रंग का, आणि गरुड कुठून आला? जरा सविस्तर लिहा, आमच्या ग्रुपमध्ये पैज लागलीय.
— तीन मित्र, अशोक चौक

उत्तर : पैज कशावर लावलीय ते लिहिलं नाही, पार्टी असेल तर मला बोलवा.

१९०३. इस्तंबूलमध्ये बोस्फोरस सामुद्रधुनीच्या काठाला बेशिक्ताश म्हणून भाग आहे, तिथं सेरेन्जेबेय नावाच्या चढावर उस्मान पाशांचा वाडा होता, त्या वाड्यात बावीस पोरं आठवड्यातून काही दिवस जमायची आणि व्यायाम करायची. फुटबॉल नाही बरं का. डबलबार, सिंगलबार, कुस्ती, वजनं. म्हणजे सरळ आपली तालीम. आपल्याकडं गणपती मंडळांची नावंच बघा, थोरला मंगळवेढा तालीम, पाणीवेस तालीम, आधी तालीम मग बाकी सगळं. तिथंही तेच. आणि पहिलं नाव काय होतं? बेरेकेत जिम्नॅस्टिक क्लब. बेरेकेत म्हणजे आपली बरकत! सोलापूरच्या कुठल्याही पेठेत या नावाचं दुकान सापडेल.

त्या वेळी सुलतान अब्दुल हमीद दुसरा गादीवर, हा माणूस स्वतःच्या सावलीला भिणारा, चार पोरं एकत्र आली की त्याला कट दिसायचा. आणि या पोरांचा वाडा त्याच्या यिल्दिझ राजवाड्याच्या जवळच, सरळ खाली. हेरांनी बातमी दिली, चौकशी झाली, पण फुटबॉल खेळत नाहीत, नुसता व्यायाम करतात म्हटल्यावर सोडून दिलं. फुटबॉल तेव्हा इंग्रजांचा खेळ म्हणून संशयाचा होता. १९०८ ला राज्यघटना परत आली, वातावरण मोकळं झालं, आणि १३ जानेवारी १९१० ला क्लबची सरकारी नोंदणी झाली, तुर्कांमध्ये अशी रीतसर नोंद झालेला पहिला क्रीडाक्लब म्हणून ते अजून छाती फुगवतात. फुटबॉल आला १९११ मध्ये, शेरेफ बेय नावाच्या माणसानं भागातली छोटी पोरांची टीम क्लबला जोडली तेव्हा. इस्तंबूलचे दुसरे दोन मोठे क्लब, गालातासाराय १९०५ चं, शाळेतल्या पोरांनी काढलेलं, फेनेरबाहचे १९०७ चं, समुद्रापलीकडं कादिकोयचं. म्हणजे वयानं बेशिक्ताश थोरलं, फुटबॉलमध्ये धाकटं.

रंगाबद्दल गोष्ट अशी सांगतात की आधी लाल-पांढरा होता, बाल्कन युद्धात माणसं गेली म्हणून लालाच्या जागी सुतकाचा काळा घेतला. ऐकायला भारी आहे, पण क्लबच्या शंभरीच्या वेळी जुनी कागदपत्रं धुंडाळली तर काळा-पांढरा सुरुवातीपासूनचाच निघाला. ज्यानं लाल-पांढऱ्यावर पैज लावली असेल त्यानं आता पार्टी द्यावी.

गरुड मात्र झकास आहे. १९ जानेवारी १९४१, सुलेमानिये नावाच्या टीमशी मॅच, बेशिक्ताश आघाडीवर होतं तरी थांबायलाच तयार नाही, हल्ल्यावर हल्ला. प्रेक्षकातला एक मासे पकडणारा माणूस उठून ओरडला, चला काळ्या गरुडांनो, चढाई करा! मॅच ६-० झाली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. कुठल्या मिटिंगमध्ये ठराव नाही, जाहिरात कंपनी नाही. कोळ्यानं नाव ठेवलं, बारसं मैदानात.

त्यानंतरचा इतिहास मी पळत सांगतो कारण ट्रॉफ्यांची यादी कुणालाही मिळते. सोळा वेळा लीग जिंकलीय, गालातासाराय आणि फेनेरबाहचेच्या मागं तिसरा नंबर. सगळ्यात मोठा काळ म्हणजे इंग्रज कोच गॉर्डन मिल्नचा, १९९० ते ९२ सलग तीन, त्यातला १९९१-९२ चा सीझन एकही मॅच न हरता. मेतिन, अली, फेय्याझ ही तीन नावं तिथले लोक एका श्वासात घेतात. १९८९ मध्ये या तिघांनी मिळून अदाना देमिरस्पोरला १०-० मारलं, दहाचे दहा गोल तिघांचेच. आमच्या रेल्वे कॉलनीतल्या वाचकांची माफी मागून सांगतो, देमिरस्पोर ही रेल्वे कामगारांनी काढलेली टीम.

आणि सुलेमान सेबा. हे नाव लक्षात ठेवा. बेशिक्ताशचं इनोन्यू स्टेडियम १९४७ ला उघडलं, तिथला पहिला गोल मारला तो या पोरानं, आणि मग १९८४ ते २००० सोळा वर्षं क्लबचा अध्यक्ष. २०१४ ला गेले. जिथं लोक अध्यक्षाला शिव्या घालायला एरवी कारण शोधत असतात तिथं यांचं नाव निघालं की आवाज खाली येतो.

माझा स्वतःचा आवडता सीझन २०२०-२१. दुसरी लाट, सोलापूर बंद, घरात सगळे आपापल्या भीतीत. शेवटच्या दिवशी बेशिक्ताश आणि गालातासाराय पॉइंटमध्ये सारखे होणार असं दिसत होतं, बेशिक्ताशनं इझमीरला गोझतेपेला २-१ हरवलं, तिकडं गालातासारायपण जिंकलं, दोघांचे ८४, आणि गोलांच्या हिशेबात फक्त एका गोलच्या फरकानं बेशिक्ताश चॅम्पियन. एक गोल! मी पलंगावर मोबाईल धरून, आवाज बंद, कारण शेजारच्या खोलीत वडील तापात. ओरडता येईना म्हणून उशी चावली. तिथल्या स्टेडियममध्येही कुणी नव्हतं, हे प्रेक्षकांचं क्लब आणि प्रेक्षकांशिवाय जिंकलं.

प्रश्न : बेशिक्ताशवाल्यांची चार्शी म्हणजे नेमकं काय? पक्ष आहे, टोळी आहे का भजनी मंडळ?
— एक निवृत्त शिक्षक, बाळीवेस

उत्तर : गुरुजी, तिन्ही थोडं थोडं.

चार्शी म्हणजे बाजारपेठ. शब्द फारसीतून गेलाय, चहार-सू, चार दिशा, म्हणजे जिथं चारी बाजूचे रस्ते येऊन मिळतात तो बाजार. म्हणजे आपला चौक झाला की ओ! बेशिक्ताशच्या बोटीच्या धक्क्यापासून आत गेलं की मासळीबाजार, चहाची दुकानं, मध्ये गरुडाचा पुतळा, ती ही पेठ. १९८२ मध्ये तिथल्या पोरांनी मिळून बेशिक्ताशच्या प्रेक्षकांचा गट केला आणि गटाला नाव दिलं पेठेचं. गंमत बघा, दुसऱ्या मोठ्या क्लबांमागं मोठी शाळा आहे, पैसेवाले आहेत, यांच्यामागं काय, तर पेठ. मला हे क्लब कळलं ते इथं. हे कंपनीचं नाही, शहराचंही नाही, हे पेठेचं आहे, आणि पेठेला जसा सगळ्यांशी पंगा घ्यायची सवय असते तशी यांनाही.

सुरुवात गोड नव्हती हे आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता आरती ओवाळतोय. ऐंशीच्या सुमाराला तिन्ही मोठ्या क्लबच्या मॅचेस इनोन्यूवरच व्हायच्या, आणि छप्पर असलेली जी मधली गॅलरी, तिला कापाली म्हणतात, ती कुणाची यावरून मारामाऱ्या. मॅच उद्या असली तर आज रात्रीच लोक जाऊन झोपायचे, काठ्या, चाकू, सगळं. चार्शी त्याच भट्टीतून निघाली. पुढं कमी झालं, पण संपलं असं नाही. २०१३ च्या सप्टेंबरात गालातासारायशी मॅच चालू असताना शेवटच्या मिनिटांना लोक मैदानात घुसले आणि मॅच तिथंच सोडावी लागली. २०१७ ला फ्रान्समध्ये लियोंशी मॅच, दोन्हीकडच्यांनी इतका दंगा केला की पाऊण तास उशिरा सुरू झाली आणि युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, दोन्ही क्लबांवर बंदीची टांगती तलवार ठेवली. यातलं काही मला आवडत नाही आणि ते लपवून ठेवून कौतुक करणंही आवडत नाही.

पण मग त्यांचं ब्रीद. "चार्शी हेर शेये कार्शी." हेर म्हणजे आपलं हर, हरएक मधलं. कार्शी म्हणजे विरुद्ध. चार्शी हर गोष्टीच्या विरुद्ध! नाव लिहिताना मधलं ए अक्षर लाल करतात आणि त्याला गोल काढतात, अराजकवाद्यांची ती खूण. गटात डावे आहेत, उजवे आहेत, नमाजी आहेत, कसलंच काही न मानणारे आहेत, वर्षानुवर्षं ज्यानं गॅलरीतून घोषणांची सुरुवात केली तो आलेन मार्कारियान आर्मेनियन घरातला. अणुवीज प्रकल्प नको म्हणून बॅनर लावतात, रक्तदान करतात, २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं तर हे प्लूटोच्या बाजूनं उभे. गुरुजी, तुम्ही भूगोल शिकवायचा असाल तर तुमचे हे खरे विद्यार्थी. २००८ मध्ये गट बरखास्त केला म्हणून जाहीर केलं आणि परत आले, कारण चार्शी चार्शीच्याही विरुद्ध आहे असं त्यांचंच म्हणणं.

गॅलरीत एक बाजू ओरडते "सियाह!", समोरची बाजू उत्तर देते "बेयाझ!" काळा, पांढरा, काळा, पांढरा. सियाह म्हणजे आपल्या शाईचंच भावंड. हे ऐकल्यावर मला विसर्जनाच्या मिरवणुकीतलं लेझीम आठवतं, एका रांगेनं डाव टाकायचा आणि समोरच्या रांगेनं उचलायचा, मध्ये हलगी. लेझीम खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

२०१३ चं सांगतो आणि थांबतो. मे महिन्यात इनोन्यू स्टेडियम पाडून नवं बांधायला घेतलं, ११ मे ला शेवटची मॅच. त्याच महिन्याच्या शेवटी इस्तंबूलमधलं गेझी पार्क वाचवायला लोक बसले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आंदोलन पेटलं. ते पार्क बेशिक्ताशच्या वरच्या अंगाला, फार लांब नाही, आणि चार्शीची पोरं पोलिसांशी दोन हात करायला सरावलेली, त्यामुळं ती पुढं. पाण्याचा मारा करणाऱ्या पोलिसांच्या गाडीला तिथं तोमा म्हणतात. या पठ्ठ्यांनी बांधकामावरचा एक जेसीबीसारखा खोदकामाचा अजस्र गाडा काढला, तोमाच्या मागं लावला आणि त्याचं नाव ठेवलं पोमा! जन्माचे वैरी असलेले गालातासाराय, फेनेरबाहचेवालेही त्या दिवसात एकमेकांचे मफलर घालून बरोबर चालले.

मग केस. चार्शीच्या ३५ जणांवर सरकार उलथवायचा प्रयत्न केल्याचा आरोप, जन्मठेपेची मागणी. डिसेंबर २०१४ ला सुनावणी सुरू झाली तेव्हा त्यातल्या एकानं कोर्टात सांगितलं, साहेब, आमच्यात सत्ता पालटायची ताकद असती तर आधी बेशिक्ताशला चॅम्पियन केलं नसतं का? वर्षभरानं निर्दोष सुटले, पण २०२१ मध्ये वरच्या कोर्टानं ते रद्द केलं आणि भानगड परत उकरली गेली. १९३० चा मार्शल लॉ सोसलेल्या आणि चार हुतात्म्यांचा चौक रोज बघणाऱ्या आपल्या सोलापुरात मी यावर जास्त काय लिहू, दोन्हीची बरोबरी नाही करत, पण कोर्टात उभं राहून असा विनोद करायला काळीज लागतंय एवढं तुम्हीही मान्य कराल.

प्रश्न : तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूनं बोलतं, पुण्याच्या व्यापाऱ्यांनी २०२५ मध्ये तुर्की सफरचंदं बंद केली आणि तुम्ही त्यांच्या क्लबचे गोडवे गाता? लाज वाटत नाही का?
— एक संतप्त वाचक, विजापूर रोड

उत्तर : साहेब, रागाचं कारण समजतं. ती सफरचंदं मीही त्या वर्षी घेतली नाहीत. पण वर जे लिहिलंय ते परत एकदा वाचा, हे लोक त्यांच्याच सरकारशी सगळ्यात जास्त भांडलेले आहेत. पन्नास हजार माणसं गेल्यावर पोरांसाठी टेडी फेकणाऱ्या माणसाला मी परराष्ट्र धोरणाचा हिशेब विचारत बसणार नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं, पुढच्या अंकात छापतो, फक्त शिव्या काढून पाठवा, संपादकबाई माझ्यावर ओरडतात.

प्रश्न : मॅच इथून बघायची तर किती वाजता? आणि पहिली कुठली बघू?
— एक नर्सिंगची विद्यार्थिनी

उत्तर : आपण त्यांच्या अडीच तास पुढं, म्हणजे तिथं रात्री आठची मॅच आपल्याकडं साडेदहाला, बारा-साडेबाराला संपते. नाईट ड्युटी नसेल ती रात्र पकडा. पहिली मॅच डर्बीच बघा, म्हणजे एकाच शहरातल्या दोन टीमची, गालातासाराय नाहीतर फेनेरबाहचेशी, आणि ती बेशिक्ताशच्याच घरी असली पाहिजे. जुन्याच जागेवर २०१६ ला नवं स्टेडियम उघडलं, एका अंगाला दोल्माबाहचे राजवाडा, पुढं बोस्फोरस. मॅच सुरू व्हायच्या अर्धा तास आधी लावा, पेठेतून स्टेडियमकडं राजवाड्याच्या भिंतीलगत चालत येणारी गर्दी कधीकधी दाखवतात, खरं ते बघायचं असतं. कॉमेंट्री कळली नाही तरी चालतंय, सियाह-बेयाझ तेवढं कळलं की झालं. होस्टेलवर असाल तर इअरफोन लावा, रेक्टरबाईंना मी उत्तर देणार नाही.